विदर्भातील दुर्लक्षित वारसास्थळे कशी शोधावीत: नवख्या प्रवाशांसाठी मार्गदर्शन

विदर्भात येणारा बहुतेक प्रवासी ताडोबा, चिखलदरा, शेगाव किंवा सेवाग्राम पाहून परततो. ही स्थळे पाहण्याजोगी आहेतच. परंतु ज्या रस्त्यांनी आपण तेथे पोहोचतो त्याच रस्त्यांपासून दोन-चार किलोमीटर आत, शेताच्या धुऱ्यावर (बांधावर), गावाच्या आखरावर आणि तलावाच्या पाळीवर, प्राचीन वाकाटक राजघराण्यापासून नागपूरकर भोसल्यांपर्यंतचा इतिहास उघड्यावर उभा आहे. बहुतेक ठिकाणी त्याला तिकीट नाही, फलक नाही आणि वाट दाखवणारी पाटीही नाही. अशी स्थळे प्रामुख्याने गावातल्या माणसांकडूनच कळतात, आणि म्हणून सहल आखताना किती ठिकाणे होतील याचा हिशोब करण्यापेक्षा कोणाला भेटायचे आणि काय विचारायचे याचा विचार आधी करावा, असे माझे ठाम मत आहे. पुढील सर्व सूचना त्याच मताला धरून आहेत.

पहिली पायरी: एकच तालुका निवडावा

अमरावती आणि नागपूर या दोन विभागांत मिळून ११ जिल्हे असलेला हा प्रदेश एका फेरीत पाहून होत नाही. पश्चिमेकडील वऱ्हाडात काळ्या दगडाची यादवकालीन देवळे, बहमनी आणि इमादशाही काळातील किल्ले व मशिदी, गढ्या आणि महानुभावांची स्थाने आढळतात. नागपूरच्या आसपास महापाषाणयुगीन शिलावर्तुळे आणि वाकाटककालीन अवशेष आहेत. वैनगंगेच्या खोऱ्यातील झाडीपट्टीत वाळूच्या दगडाची मंदिरे, गोंड राजांचे किल्ले आणि जुने मालगुजारी तलाव आहेत. यांपैकी जे आपल्याला ओढून घेते ते निवडावे, त्यातील एक तालुका घ्यावा आणि तालुक्याच्या गावी किमान दोन रात्री मुक्काम करावा. पहिल्या दिवशी ज्यांच्याशी ओळख होते, तीच माणसे दुसऱ्या दिवशी आपल्याला खऱ्या जागी घेऊन जातात. सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्याला हा दुसरा दिवस मिळतच नाही.

दुसरी पायरी: निघण्यापूर्वीचा अभ्यास

जिल्हा गॅझेटिअर हे सर्वांत उपयोगी साधन आहे. इंग्रजी अमदानीतील आणि नंतर महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेली गॅझेटिअरे इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. त्यांच्या शेवटच्या प्रकरणात गावांची वर्णानुक्रमे माहिती असते. निवडलेल्या तालुक्यातील सर्व गावे त्यातून काढून घ्यावीत आणि जेथे देऊळ, गढी, किल्ला, शिलालेख, बावडी किंवा जत्रा असा उल्लेख असेल ती गावे वहीत उतरवावीत. शंभर वर्षांपूर्वीचे वर्णन आणि आजची स्थिती यांत किती अंतर पडले आहे हे प्रत्यक्ष पाहणे हाच पुढे प्रवासाचा एक हेतू बनतो.

नागपुरातील मध्यवर्ती संग्रहालय १८६३ साली स्थापन झाले. ‘अजब बंगला’ याच नावाने लोक त्याला ओळखतात. खेड्यांकडे वळण्यापूर्वी तेथे अर्धा दिवस द्यावा. तेथील शिल्पे आणि शिलालेख शांतपणे पाहिले, की पुढे एखाद्या मातामायच्या (गावदेवीच्या) ओट्यावर शेंदूर माखलेली मूर्ती दिसल्यावर ती कोणत्या काळाच्या जवळची असावी, याचा अंदाज घेण्याइतकी नजर तयार होते.

तिसरी पायरी: ऋतू आणि वाहन

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा असतो. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत दुचाकीच काय, पायही निघत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो. मात्र पायविहिरींचे तळचे टप्पे आणि तेथील कोनाडे पाहायचे असतील, तर पाणी उतरलेला हाच काळ कामाचा असतो. अशा वेळी पहाटे निघून दहाच्या आत परतावे.

एसटीने फिरणाऱ्यांनी मुक्कामी गाडीची चौकशी अवश्य करावी. रात्री गावात थांबून पहाटे तालुक्याला परतणारी ही गाडी आडवाटेच्या गावांसाठी फार मोठा आधार असतो, आणि तिचे चालक-वाहक त्या रस्त्यावरील प्रत्येक गावाची खबर ठेवून असतात. काळी-पिवळी किंवा ऑटो मिळते, पण परतीची वेळ आधीच ठरवून घ्यावी. पाणी, टोपी, सुटे पैसे आणि पायात बंद बूट एवढे पुरे आहे.

चौथी पायरी: गावात शिरल्यावर कोणाला आणि काय विचारावे

या पायरीवर घाई करू नये. विदर्भातील पुष्कळ गावांनी गुप्तधनाच्या लोभाने रात्री देवळे खोदणारी माणसे पाहिलेली आहेत. मूर्ती उलथवलेल्या आणि गाभाऱ्यातली फरशी उखडलेली अनेक पडकी देवळे त्याची साक्ष देतात. त्यामुळे कोणी अनोळखी व्यक्ती कॅमेरा आणि मोजपट्टी घेऊन ‘जुनं देऊळ कुठे आहे’ असे विचारू लागली, तर गावकऱ्यांना संशय येणे स्वाभाविक आणि योग्यच आहे. म्हणून दिवसाउजेडी गावात जावे, प्रथम पोलीस पाटलांना किंवा ग्रामपंचायतीत भेटून आपले नाव, गाव आणि येण्याचे कारण सांगावे, आणि नाणी, हंडे, सोने यांचा विषय स्वतःहून काढू नये. गावातीलच एखाद्याला सोबत घेतल्यास उत्तम.

त्यानंतर पारावर बसावे. वडीलधाऱ्यांना ‘राम राम’ किंवा गोंड वस्तीत ‘जय सेवा’, महानुभाव आश्रमात ‘दंडवत प्रणाम’ असा त्या त्या ठिकाणचा नमस्कार करावा. समवयस्क पुरुषाला ‘भाऊ’ आणि वृद्धांना ‘बाबाजी’, ‘आजी’ असे संबोधल्यास बोलणे सहज सुरू होते. ‘येथे ऐतिहासिक वास्तू कोणती?’ या प्रश्नाला बहुधा ‘काही नाही’ असेच उत्तर मिळते, कारण ज्याच्याजवळ आपण रोज गुरे बांधतो त्याला कोणी ऐतिहासिक वास्तू म्हणत नाही. त्याऐवजी रोजच्या व्यवहारातले प्रश्न विचारावेत. पोळ्याला बैल आधी कोणत्या देवळापुढे नेतात? लग्न झाल्यावर नवरा-नवरी कोठे पाया पडायला जातात? दुष्काळातही कोणत्या विहिरीचे पाणी आटले नाही? नांगरताना मोठ्या विटा किंवा खापरे कोणाच्या वावरात निघतात? गावाची जुनी पांढरी, म्हणजे वस्तीची जागा, कोठे होती? जुन्या वस्तीचे टेकाड, पायविहीर, कोरीव शिळा आणि विस्मरणात गेलेली वेस यांपैकी बरेच काही याच प्रश्नांच्या उत्तरांतून कळते.

उत्तर ऐकतानाही सावध राहावे. ‘हाये एक पडकं देऊळ तिकडं वावरात, पण तिथं काई नाही पाह्यासारखं’ असे कोणी म्हणाले, की हमखास तिकडे जावे. रस्ता विचारून घ्यावा, उभ्या पिकातून न जाता धुऱ्यावरून जावे आणि वावराच्या मालकाची परवानगी घ्यावी. तूर किंवा कपाशी उभी असताना चार माणसे आत शिरली तर शेतकऱ्याचे खरे नुकसान होते.

दंतकथाही लिहून घ्याव्यात. वर्धा जिल्ह्यातील गिरड येथे शेख फरीद यांच्या दर्ग्याच्या टेकडीवर सुपारी, जायफळ आणि नारळासारखे दिसणारे दगड सापडतात. व्यापाऱ्याच्या मालाचे दगड झाले अशी कथा तेथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. भूशास्त्राच्या दृष्टीने ते लाव्हाच्या खडकातील पोकळ्यांत तयार झालेले खनिजगोळे आहेत. दोन्ही माहिती सोबत ठेवावी, कारण सर्व धर्मांच्या लोकांना त्या टेकडीवर आणणारी गोष्ट ती कथाच आहे.

पाचवी पायरी: समोरचा दगड वाचणे

चुना न वापरता घडीव दगड एकमेकांत बसवून बांधलेले कोणतेही जुने देऊळ आपल्याकडे सरसकट हेमाडपंती म्हटले जाते. हेमाद्री हे तेराव्या शतकातील यादव राजांचे मंत्री होते; त्यांच्या कितीतरी आधी बांधलेली देवळेही त्यांच्या नावावर खपतात. त्यामुळे नावावर न थांबता रचना पाहावी: जोत्यावरील थर, खांबांचे आकार, गाभाऱ्याच्या दारावरील ललाटबिंबात, म्हणजे चौकटीच्या वरच्या पट्टीच्या मध्यभागी, कोणती देवता आहे, बाहेरच्या भिंतीवर मूर्ती आहेत की नुसते भौमितिक पट्टे आहेत. दर्यापूर तालुक्यातील लासूर येथील आनंदेश्वर मंदिर आणि बार्शीटाकळी येथील कालिका देवीचे मंदिर ही दोन्ही स्थळे या अभ्यासासाठी फार चांगली आहेत, आणि दोन्हीकडे निवांत बसून पाहता येते.

गावाच्या वेशीजवळ किंवा मारुतीच्या देवळामागे उभी शिळा दिसल्यास खालून वर वाचावे. वीरगळावर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेवर, सर्वांत खाली लढाई आणि पडलेला वीर असतो, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गाकडे नेत असतात, वर तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो आणि माथ्यावर चंद्र-सूर्य असतात. सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला असतो. कित्येकदा या शिळांना शेंदूर लावून गाव वेगळ्याच नावाने पुजत असते. ती पूजा तिच्या जागी योग्य आहे, आणि शेंदूर खरवडून कोरीव काम पाहण्याचा अधिकार आपल्याला नाही.

नागपूर जिल्ह्यातील शिलावर्तुळे नवख्या माणसाच्या नजरेतून सहज सुटतात, कारण माळावर गोल मांडलेले धोंडे प्रथमदर्शनी कोणीतरी शेत साफ करताना रचल्यासारखे दिसतात. नीट पाहिल्यास मोठ्या गोट्यांचे पूर्ण वर्तुळ आणि आत माती-दगडाचा किंचित उंचवटा लक्षात येतो. लोहयुगातील माणसांची ही दफनस्थाने आहेत. काटोल मार्गावरील जुनापाणी येथे अशी वर्तुळे मोठ्या संख्येने आहेत आणि तेथील काही धोंड्यांवर वाटीसारखे लहान खळगे कोरलेले आहेत. सकाळच्या तिरप्या उन्हात ते स्पष्ट दिसतात, दुपारी अजिबात दिसत नाहीत. माहुरझरी येथील उत्खननात घोड्यांच्या पुरलेल्या सांगाड्यांसोबत त्यांचे तांब्याचे अलंकार मिळाले, आणि नैकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. शेतजमीन वाढवताना आणि मुरूम काढताना अशी वर्तुळे वेगाने नाहीशी होत आहेत, ही मला फार अस्वस्थ करणारी गोष्ट वाटते.

सहावी पायरी: पहिली फेरी कोठे करावी

पहिल्या फेरीसाठी मी निःसंकोचपणे रामटेक, मनसर आणि नगरधन सुचवेन. नागपूरपासून सुमारे ५० किलोमीटरवरील रामटेकच्या गडावर रामदर्शनासाठी हजारो लोक जातात. वाटेतील केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह या मंदिरांकडे मात्र फार थोडे वळतात. केवल नरसिंह मंदिराच्या भिंतीत वाकाटककालीन शिलालेख आहे. त्यामागे ज्या प्रभावतीगुप्ताची कथा आहे ती गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या आणि वाकाटक घराण्याची राणी होती. पतीच्या मृत्यूनंतर मुले लहान असल्यामुळे राज्यकारभार तिने स्वतः पाहिला. मंदिरातील ठेंगणे, जाड खांब आणि गाभाऱ्यात भक्कम बसलेला नरसिंह पाहताना आपण पाचव्या शतकात उभे आहोत हे ध्यानात ठेवावे, कारण ज्यांना आपण जुनी म्हणतो ती वऱ्हाडातील यादवकालीन देवळे याच्यानंतर कित्येक शतकांनी उभी राहिली.

तेथून जबलपूर महामार्गावरील मनसरला यावे. हिडिंबा टेकडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून झालेल्या उत्खननात विटांचे प्रचंड बांधकाम उघडे पडले. येथे विटेचा आकार मुद्दाम पाहावा. पुढे एखाद्या वावरात अशी लांब-रुंद वीट दिसली तर ती ओळखू येईल. शेवटी रामटेकजवळच्या नगरधनला जावे. हीच वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन असे अभ्यासक मानतात. आज दिसणारा किल्ला बराच नंतरचा आहे, परंतु २०१५ ते २०१८ या काळात येथे झालेल्या उत्खननात प्रभावतीगुप्ताच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली.

एक स्थळ दुसऱ्याकडे कसे नेते याचेही हेच उत्तम उदाहरण आहे. याच राणीचा एक ताम्रपट अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे मिळाला, आणि तो रामगिरीस्वामींच्या, म्हणजे रामटेकच्या देवाच्या, पायांपासून दिल्याचे त्यात लिहिले आहे. रिद्धपूरला गेल्यावर आपण आणखी आठशे वर्षे पुढे येतो: श्रीगोविंदप्रभूंचे हे गाव महानुभाव पंथाचे महास्थान आहे, म्हाइंभटांनी लीळाचरित्राचे काम येथेच केले, आणि अलीकडे मराठी भाषा विद्यापीठही येथेच सुरू झाले आहे. गावभर पसरलेले ओटे पाहताना सोबत पंथातील एखादी जाणकार व्यक्ती असावी, कारण प्रत्येक ओट्यामागे एक नेमका प्रसंग आहे आणि तो सांगितल्याशिवाय ओटा नुसता ओटाच दिसतो.

पश्चिमेकडे जाणाऱ्यांनी सिंदखेड राजा येथे जिजाऊंच्या जन्मस्थानावरून लगेच परतू नये. १६२९ साली मारले गेलेल्या लखुजी जाधवांची भव्य समाधी, मोती तलावाची दगडी पाळ आणि शिल्पांनी सजलेली पुतळा बारव तेथून जवळच आहेत. लोणारला विवराच्या काठावरून छायाचित्र काढून निघणाऱ्यांनी गावातील दैत्यसूदन मंदिर आणि धारेचे गोमुख यांना वेळ द्यावा. बाळापूरला मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचा किल्ला आणि नदीकाठची, मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाने ओळखली जाणारी छत्री पाहावी. नरनाळ्याच्या महाकाली दरवाजावरील १४८७ सालचे कोरीव काम पाहण्यासाठी शहानूरहून चढावे लागते. हा किल्ला मेळघाट व्याघ्र प्रकल्पात असल्यामुळे वनखात्याच्या प्रवेशाचे नियम आणि वेळा आधी विचाराव्यात.

पूर्वेकडे भद्रावतीची विजासन लेणी आहेत. डोंगरात लांब खोदलेली दालने आणि त्यांच्या टोकाशी बसलेले बुद्ध पाहण्यासाठी विजेरी लागते. वैनगंगेच्या तीरावरील मार्कंडा येथे मंदिरसमूहाचे शिल्पकाम इतके दाट आहे, की एकाच भिंतीपुढे सकाळ जावी. महाशिवरात्रीला तेथे मोठी जत्रा भरते. शिल्पे पाहायची असतील तर तो आठवडा टाळावा, माणसे पाहायची असतील तर मुद्दाम तोच निवडावा. आरमोरी तालुक्यातील वैरागडचा किल्ला आणि पवनी येथील तटबंदी व स्तूपांच्या टेकड्या त्याच मार्गाला जोडता येतात.

सातवी पायरी: जिवंत परंपरांसाठी पंचांग पाहावे

सर्वच वारसा दगडात नसतो. भाऊबीजेनंतर भंडारा-गोंदिया भागातील गावोगावी मंडई भरते आणि तेथे दंडार हे लोकनाट्य पाहायला मिळते. दिवाळीनंतर झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो व साधारण होळीपर्यंत चालतो. नाट्यसंस्थांचे मुख्य केंद्र वडसा येथे आहे. तेथे चौकशी केल्यास आज रात्री कोणत्या गावी प्रयोग आहे हे कळते. प्रयोग रात्रभर चालतो, म्हणून अंगावर जाड पांघरूण न्यावे आणि त्या गावी कोणाच्या तरी ओळखीने जावे. पाहुणा म्हणून जेवूनच नाटकाला बसण्याचा आग्रह होतो आणि तो मोडू नये. माघ पौर्णिमेच्या सुमारास सालेकसा तालुक्यातील कचारगडला गोंड समाजाची मोठी यात्रा असते. ती श्रद्धेची यात्रा आहे, तेव्हा विधींची छायाचित्रे परवानगीशिवाय घेऊ नयेत.

तलाव हाही परंपरेचाच भाग आहे. कोहळी समाजाने बांधलेले तलाव आजही झाडीपट्टीतील धानशेतीला पाणी देतात. नवेगाव बांध त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. पाळ, सांडवा आणि पाणी वाटण्याची रीत एखाद्या जुन्या शेतकऱ्याकडून पाळीवर उभे राहूनच समजून घ्यावी.

आठवी पायरी: काय करू नये

शिलालेखावर पाणी, तेल, पीठ किंवा खडू लावू नये; तिरप्या प्रकाशात छायाचित्र घेतले की अक्षरे वाचण्याइतकी उठून येतात. नाणे, मणी, खापर किंवा मूर्तीचा तुकडा उचलू नये. जमिनीत सापडलेली पुरातन मौल्यवान वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे हे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत नियंत्रण असते. एखाद्या गावात याचे उल्लंघन दिसल्यास तेथे वाद न घालता संबंधित कार्यालयाला लेखी कळवावे. जंगलालगतच्या आणि गडचिरोलीच्या आतील भागात स्थानिक सोबतीशिवाय जाऊ नये व अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचावे.

नववी पायरी: नोंद आणि परतफेड

प्रत्येक स्थळाची एक पानभर नोंद ठेवावी: गाव, तालुका, मोबाईलवरून घेतलेले अक्षांश-रेखांश, वास्तूचे तोंड कोणत्या दिशेला आहे, अंदाजे मापे, दगड की वीट, आजची स्थिती, आणि गावकऱ्यांनी सांगितलेली कथा त्यांच्याच शब्दांत. छायाचित्रांचा क्रम ठरलेला असावा; आधी दुरून चारही बाजू, मग दार, खांब, मूर्ती आणि शेवटी लेख. शेजारी मोजपट्टी किंवा निदान पेन ठेवल्यास आकार कळतो.

कोठेच उल्लेख नसलेली मूर्ती, लेख किंवा शिलावर्तुळ दिसल्यास तिची माहिती नेमक्या ठिकाणासह समाजमाध्यमांवर टाकण्याचा मोह आवरावा, कारण मूर्तिचोरही तीच माहिती वाचतात. ती नोंद राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाच्या नागपूर येथील कार्यालयाकडे किंवा नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाकडे पाठवावी. दोन छापील छायाचित्रे आणि त्या नोंदीची एक प्रत गावच्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीत द्यावी, आणि ज्यांनी वाट दाखवली त्यांचे नाव त्यांना विचारून त्या प्रतीवर लिहावे.